एक डोकं, चार हरणं

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबाच्या शीर्षावर चार हरणं कोरलेली आहेत. धडं चार, डोकं एकच. प्रत्येकाची ढब वेगळी, पण चौघांच्या माना एका जागी येऊन मिळतात. एका धडावरून नजर वर नेली की डोकं त्याचं होतं. नजर उचलून शेजारच्या धडावर ठेवली की तेच डोकं, कान-डोळ्यांसकट, शेजारच्याचं. चारही हरणं एका दमात पुरी दिसावीत म्हणून कितीही टक लावली तरी ते जमत नाही. शाळेची सहल आली की त्या खांबाखाली हमखास गलका होतो. "बसलेल्याचं आहे रे!" "छे, त्या बाजूच्याचं." छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वाढलेल्या पुष्कळांनी हा वाद लहानपणी घातलेला असतो. मीही घातला आहे, आणि अजूनही तिथं गेलो की मान वर करून दोन मिनिटं उभा राहतो.

अशी कोडी हल्ली मोबाइलवर रोज येतात. २०१५च्या फेब्रुवारीत एका पोशाखाच्या फोटोनं जगभर घराघरांत वाद लावून दिले. काहींना तो निळा-काळा दिसला, काहींना पांढरा-सोनेरी. एकाच पडद्याकडे पाहणारी माणसं एकमेकांच्या डोळ्यांवर शंका घेऊ लागली. त्याच्या कितीतरी आधी, १८९२ मध्ये, म्युनिकच्या एका विनोदी साप्ताहिकानं बदकही दिसेल आणि ससाही दिसेल असं एक रेखाचित्र छापलं होतं. ते आजही मानसशास्त्राच्या पुस्तकांत असतं. आपला हरणांचा शिल्पकार त्याच्याही चौदाशे वर्षं आधीचा. माणसाचा डोळा कुठं अडतो आणि कुठं घसरतो, हे त्याच्या छिन्नीला नेमकं ठाऊक होतं.

त्याच लेण्यांच्या रंगवलेल्या भिंतींकडे गेली दोनशे वर्षं जग पाहत आलं आहे. शिकारी आले, फौजेतले अधिकारी आले, चित्रकार, पंडित, राजे आले. भिंत तीच होती. प्रत्येकानं घरी नेलेलं चित्र मात्र वेगळं होतं. त्यांतलं एक चित्र तर इतकं पक्कं झालं की चुकीचं असूनही ते अजून पाठ्यपुस्तकांतून हललेलं नाही.

या गोष्टीची सुरुवात २८ एप्रिल १८१९ रोजी झाली. मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या खोऱ्यात उतरला होता. समोरच्या कड्यात झाडीआडून त्याला एक मोठी कमान दिसली. ती आजच्या दहाव्या लेण्याची. आत शिरून त्यानं एका खांबावर आपलं नाव, पलटण आणि तारीख खरवडली, आणि तीही खांबावर रंगवलेल्या आकृतीच्या अंगावर. ते नाव आज वाचायचं तर मान वर करावी लागते, कारण शतकानुशतकं साचलेल्या दगडमातीच्या जवळजवळ पाच फूट ढिगावर तो उभा होता. पुढं ढीग उपसला गेला आणि नाव वरच राहिलं. आसपासच्या लोकांना ही लेणी ठाऊक होतीच. जवळच्या लेणापूर गावाचं नावच ते सांगतं. स्मिथमुळं बातमी मुंबईला आणि पुढं लंडनला पोचली. १८२४ मध्ये लेफ्टनंट अलेक्झांडर येऊन गेला आणि १८२९ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं.

या पहिल्या पाहुण्यांना भिंतीवर माणसं दिसली, हत्ती दिसले, राजवाडे, दागिन्यांनी लवलेल्या स्त्रिया दिसल्या. गोष्ट मात्र दिसली नाही. सतराव्या लेण्याच्या ओसरीत डाव्या हाताला एका मोठ्या चक्राचा काही भाग उरला आहे. त्याचे कप्पे पाडलेले आणि कप्प्याकप्प्यात चिमुकली माणसं. युरोपातून आलेल्या माणसाला असं बारा घरांचं वर्तुळ एकाच ठिकाणी पाहायची सवय होती, पंचांगात. त्यांनी ठरवलं की हे राशिचक्र. त्यावरून सतराव्या लेण्याचं नावच राशिचक्राचं लेणं पडलं आणि साठेक वर्षं ते तसंच चाललं. तिबेटी मठांच्या दारांवर रंगवलेली चक्रं पाहिलेल्या वॅडेल यांनी १८९२च्या सुमारास या चक्राची ओळख पटवली. ते भवचक्र आहे. जन्म, तृष्णा, म्हातारपण, मरण यांत फिरणाऱ्या जिवाची फेरी त्यात काढलेली आहे. रेषा तसूभरही हलली नव्हती. पाहणाऱ्याच्या पाठीशी उभी असलेली दुसरी चित्रं तेवढी बदलली होती.

त्या काळच्या माणसांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. १८१९ मध्ये अशोकाची ब्राह्मी लिपी कुणालाच वाचता येत नव्हती. प्रिन्सेपनं ती उलगडली १८३७ मध्ये. ज्या जातककथा या भिंतींवर रंगवल्या आहेत, त्यांचा पाली संग्रह फाउसबोल यांनी छापायला घेतला तो १८७७ पासून. आपल्या डोंगरांतून बौद्ध भिक्खू जाऊन हजारेक वर्षं लोटली होती, त्यामुळं समोर उभा राहून "हा राजा कोण, तो हत्ती कुणाचा" असं सांगणारं कुणी उरलं नव्हतं. त्यात अंधार, वटवाघळं, आत मुक्काम केलेल्यांच्या चुलींचा धूर. एका पाहुण्यानं तर आकृत्या भिंतीवरून सोलून न्यायचा प्रयत्न केला आणि त्यांचा भुगा झाला. आता तिथं नुसता गिलावाच दिसतो.

१८४३ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढं भारतातल्या लेण्यांवर निबंध वाचला. फर्ग्युसन निळीच्या धंद्यात पैसा मिळवून वास्तुशास्त्राकडं वळलेले गृहस्थ. लेण्यांना ओळीनं क्रमांक देण्याची अजिंठ्याची पद्धत त्यांचीच. चित्रं नष्ट व्हायच्या आत त्यांच्या नकला करून घ्या, असं त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या गळी उतरवलं. त्या कामावर मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल आला.

गिलचं आयुष्य मराठी वाचकाला परकं नाही. अजिंठा गावातली बारादरी, १८५६ मध्ये वारलेली त्याची प्रेयसी पारो, तिची कबर, ना. धों. महानोरांची 'अजिंठा' ही दीर्घ कविता आणि २०१२चा नितीन चंद्रकांत देसाईंचा चित्रपट यांनी ते घरोघरी नेलं. गिलच्या डोळ्यांबद्दल मात्र कमी बोललं जातं. जवळजवळ वीस वर्षं हा माणूस फडफडत्या उजेडात उभा राहून भिंती उतरवून घेत होता. मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात केलेल्या दोन डझनांहून अधिक नकला त्यानं लंडनला पाठवल्या. त्या सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. १८६६च्या डिसेंबरात तिथं आग लागली आणि चार-पाच वगळता सगळ्या जळाल्या.

याच गिलनं पुढं दोन भिंगांचा कॅमेरा हाती घेतला. आपल्या दोन डोळ्यांत जेवढं अंतर, साधारण तेवढ्या अंतरानं एकाच दृश्याची दोन छायाचित्रं घ्यायची. ती स्टिरिओस्कोप नावाच्या दुर्बिणीसारख्या खोक्यात शेजारी-शेजारी ठेवून पाहिली की सपाट कागदात खोली उभी राहते. खांब पुढं येतात, गर्भगृह मागं सरकतं. आजच्या मोबाइलवरच्या कोड्यांसारखंच त्या काळी या खोक्यानं युरोपला वेड लावलं होतं. १८६४ मध्ये गिलच्या शंभर स्टिरिओ चित्रांचं पुस्तक फर्ग्युसन यांच्या मजकुरासह निघालं. लंडनच्या दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला अजिंठ्याचा अंधार पहिल्यांदा आत शिरता येण्याजोगा दिसला तो असा, डाव्या-उजव्या डोळ्याला किंचित वेगळं दिसतं या एका गोष्टीच्या आधारावर. गिल १८७९ मध्ये वारला. भुसावळला त्याला पुरलं आहे.

त्यानंतरची पाळी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची. जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून १८८५ पर्यंत हिवाळ्यामागून हिवाळे इथं राबले. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढं नावारूपाला आलेले चित्रकार या भिंतींसमोर घडले. चित्रं नीट दिसावीत म्हणून ग्रिफिथ्स यांनी भिंतींवर वार्निश फिरवलं. ओलसर झाल्यावर रंग उजळतात, हे पावसात भिजलेला दगड पाहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं. तेवढ्यापुरते ते उजळलेही. पण वार्निश वाळलं, तडकलं आणि जाताना रंगाचे पापुद्रे घेऊन गेलं. नकलांच्या नशिबी पुन्हा आगच आली: १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला त्यांतल्या कितीतरी जळाल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन खंड काढले आणि जगानं अजिंठा पाहिला तो मुख्यतः त्या खंडांतून.

सोळाव्या लेण्यातलं एक चित्र ग्रिफिथ्स यांना फार भिडलं होतं. आसनावर कलंडलेली स्त्री, मान गळालेली, डोळे अर्धवट मिटलेले, भोवती घाबरलेल्या दासी. कुणी पाठीशी आधार देतेय, कुणी मनगट धरून आहे. ग्रिफिथ्स यांनी त्यात मृत्यू पाहिला. फ्लॉरेन्सवाल्यांना याहून चांगलं रेखाटन जमलं असतं, व्हेनिसवाल्यांना याहून चांगला रंग, पण एवढा भाव दोघांनाही आणता आला नसता, अशा आशयाची दाद त्यांनी दिली. दाद मनापासूनची होती. तेव्हापासून ते चित्र 'मरणासन्न राजकन्या' म्हणून प्रसिद्ध झालं.

पण ती मरत नाहीये. त्याच चित्रात एक माणूस हातात मुकुट घेऊन उभा आहे. तो मुकुट नंदाचा, बुद्धाच्या सावत्र भावाचा. नंद बुद्धामागं विहारात गेला, त्याचं मुंडन झालं, तो भिक्खू झाला आणि मुकुट तेवढा घरी परत आला. तो पाहून त्याची बायको सुंदरी कोसळली आहे. अश्वघोषाच्या 'सौंदरनंद' काव्याचा विषय हाच. गोष्ट माहीत नसताना डोळा सगळा वेळ स्त्रीच्या चेहऱ्यावर खिळतो आणि मुकुटवाला नोकर म्हणून बाजूला पडतो. गोष्ट कळली की नजर आधी मुकुटावर जाते, आणि मग तिच्या चेहऱ्याकडं पाहवत नाही. नवरा जिवंत आहे, चार पावलांवरच्या विहारात आहे, आणि परत येणार नाही.

आता ते चुकीचं चित्र. पहिल्या लेण्यात शिरल्यावर सगळ्यांचे पाय सरळ आत जातात, पद्मपाणीकडं आणि गर्भगृहातल्या बुद्धाकडं. प्रवेशाच्याच भिंतीवर, आतल्या अंगाला एक दरबार रंगवलेला आहे. तो दिसतो तो बाहेर पडायला वळल्यावर, आणि दाराचा उजेड थेट डोळ्यांवर येत असल्यामुळं नीट दिसतच नाही. मध्ये सिंहासनावर राजा, आणि त्याच्यासमोर भेटी घेऊन आलेली माणसं: गोरी, दाढीवाली, डोक्यावर टोकदार टोप्या, अंगात लांब बाह्यांचे अंगरखे. या मातीतली ती नाहीत, हे कुणीही सांगेल.

१८७९ मध्ये फर्ग्युसन यांनी ही माणसं कोण ते जाहीर केलं. त्याच सुमारास नोल्डेके या जर्मन पंडितानं तबरीच्या अरबी इतिहासाचा इराणविषयक भाग भाषांतरून काढला होता. त्यात हिंदुस्थानच्या एका राजानं इराणचा बादशहा दुसरा खुस्रो याला त्याच्या कारकिर्दीच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ६२५च्या सुमारास, पत्रं आणि भेटी पाठवल्याचा उल्लेख आहे. राजाच्या नावाचं अरबी रूप नोल्डेकेनं बदामीच्या चालुक्य पुलकेशीशी जुळवलं. फर्ग्युसन यांच्या डोळ्यांपुढं दोन्ही टोकं एकत्र आली. इकडून वकील गेला असेल तर तिकडूनही आला असेल. भिंतीवर इराणी माणसं आहेत. तेव्हा सिंहासनावरचा राजा पुलकेशी, आणि छतावर हातात पेला धरून बसलेला दाढीवाला पुरुष म्हणजे खुद्द खुस्रो, शेजारी त्याची राणी शिरीन.

हे अनुमान किती मोहक होतं, ते त्यांच्या जागी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. हिंदुस्थानातल्या प्राचीन चित्रांत नाव-गाव-सन असलेला प्रसंग कुठंच सापडत नव्हता. इथं एका फटक्यात राजा मिळाला, बादशहा मिळाला, वर्ष मिळालं. लगोलग लेण्याचा काळही ठरला: चित्रात ६२५ची घटना आहे, म्हणजे लेणं सातव्या शतकातलं. चित्रावरून लेण्याचा काळ काढायचा आणि मग त्या काळावरून चित्र बरोबर आहे म्हणायचं, असा तो फेरा होता.

आणि आपल्याला तर ते फारच आवडलं. हर्षवर्धनाला नर्मदेवर थोपवणारा पुलकेशी, तीन महाराष्ट्रकांचा धनी म्हणून ऐहोळेच्या शिलालेखात मिरवणारा पुलकेशी, चिनी प्रवासी युआन श्वांगनं ज्याचा दरारा वर्णिला तो पुलकेशी. त्याच्या दरबारात इराणचा वकील वाकून उभा आहे आणि ते दृश्य अजिंठ्याच्या भिंतीवर आहे, यानं कुणाची छाती फुगणार नाही? शाळेत मला हे चित्र याच नावानं शिकवलं गेलं. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत ते आजही याच नावानं भेटतं, आणि मुलं ते पाठ करून गुण मिळवतात.

खरी ओळख पटायला कथांची पुस्तकं शेजारी घेऊन बसणारी माणसं यावी लागली. १८९५ मध्ये रशियाच्या ओल्डेनबर्ग यांनी अजिंठ्यातली बरीच जातकं ओळखली. १९०२ मध्ये ल्यूडर्स यांनी दुसऱ्या लेण्यातल्या रंगवलेल्या अक्षरांत जातकमालेतले श्लोक वाचले. १९१९-२० मध्ये फ्रान्सचे फूशे निजाम सरकारच्या निमंत्रणावरून येऊन राहिले. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीचे डीटर श्लिंगलोफ यांनी भिंतीचा तुकडान् तुकडा रेखाटून कथेशी ताडून पाहिला. दरबाराच्या चित्रात त्यांना महासुदर्शन सापडला.

महासुदर्शनाची गोष्ट बुद्धाच्या अखेरच्या रात्रीची आहे. शिष्य आनंद रडवेला होऊन म्हणतो, भगवान, या कुशिनारासारख्या खेड्यात देह ठेवू नका. बुद्ध त्याला सांगतो, हे खेडं नव्हे. पूर्वी इथं कुशावती नावाची नगरी होती, महासुदर्शन नावाचा चक्रवर्ती इथं राज्य करत होता, आणि तो मीच होतो. चक्रवर्ती म्हटला की त्याच्याकडं देशोदेशींचे लोक भेटी घेऊन येणारच. चित्रकाराला दूरदेशीचे लोक दाखवायचे होते. त्यानं बंदरांतून आणि व्यापारी वाटांवरून येणारे इराणी पाहिलेले होते, ते त्यानं काढले. लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं. त्याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख सोळाव्या लेण्याबाहेर आहे. हा काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध, म्हणजे पुलकेशीच्या जन्माला अजून किमान शंभर वर्षं होती. पुलकेशीचा मोठेपणा यानं तसूभर कमी होत नाही. फक्त तो या भिंतीवर नाही.

एवढ्या जाणत्या माणसांची नजर चुकली त्याला आणखी एक कारण आहे, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आपण चित्राची एक चौकट म्हणजे एक क्षण धरून चालतो. अजिंठ्याचा चित्रकार तसं धरत नाही. तो जागा धरतो. राजवाड्यात घडलेलं सगळं राजवाड्याजवळ, जंगलात घडलेलं सगळं जंगलाजवळ, मग ते आधीचं असो की नंतरचं. त्यामुळं एकच राजपुत्र एका भिंतीवर चार-पाच वेळा भेटतो आणि गोष्ट सरळ रेषेत न चालता पुढं-मागं उड्या घेते. दहाव्या लेण्यातल्या षड्दंत हत्तीच्या कथेत मधलं जंगल हत्तींनी गजबजलेलं आहे. पारधी तिथं येतो, षड्दंत त्याला आपले सुळे देतो, आणि ते सुळे राजवाड्यात पोचल्यावर राणी मूर्च्छित पडते, कारण मागच्या जन्मी ती याच हत्तीची पत्नी होती. हे चार प्रसंग डावीकडून उजवीकडं वाचत गेलं तर काहीच लागत नाही. एका प्रसंगावर बोट ठेवलं की तो पुरा होतो, आणि त्याच आकृत्या दुसऱ्या प्रसंगाला उसन्या दिल्या की तोही पुरा होतो. पहिल्या लेण्यातली हरणं कोरणाऱ्याला आणि या भिंती रंगवणाऱ्यांना हे गणित सारखंच कळलेलं होतं.

कथा ओळखण्याचं हे काम चाललेलं असतानाच भिंतींचे रंग आणि रेषाही नव्या डोळ्यांना दिसत होत्या. १९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्लिश बाई फर्दापूरला तंबू ठोकून राहिल्या. चेन्निनीच्या जुन्या इटालियन चित्रग्रंथाचं त्यांनी इंग्रजी भाषांतर केलं होतं, अंड्याच्या बलकात रंग कालवायची जुनी रीत त्यांच्या हातात होती. सोबत कलकत्त्याहून आलेले नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा, आणि हैदराबादचे सय्यद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन. ग्रिफिथ्स यांच्या नकला आणि यांच्या नकला शेजारी ठेवल्या तर एकच भिंत आहे यावर विश्वास बसायला वेळ लागतो. ग्रिफिथ्स यांच्याकडं तैलरंगाची गोलाई, छाया-प्रकाश, मांसल गाल. नंदलालांकडं रेषा. बोटाच्या पेरापासून मनगटापर्यंत न उचलता वाहत गेलेली रेषा. दोघांनीही जे दिसलं ते प्रामाणिकपणे उतरवलं. दिसलं ते मात्र ज्याच्या-त्याच्या शिक्षणातून गाळून आलं. औंधचे राजे बाळासाहेब पंत प्रतिनिधी, स्वतः चित्रकार, यांनी १९३२ मध्ये अजिंठ्यावर सचित्र पुस्तक काढलं. त्यांच्या हातातला अजिंठा पुन्हा निराळा.

१९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारनं चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी या कामामागं होते. सुटलेला गिलावा भिंतीला पुन्हा चिकटवला गेला. ते झालं नसतं तर आज पुष्कळ भिंती रिकाम्या असत्या. रंगांवर लाखेचं वार्निशही चढलं, आणि ते वर्षागणिक पिवळं, मग तपकिरी होत गेलं.

यामुळं काय झालं, ते २०१५च्या त्या पोशाखाच्या उदाहरणानं चटकन कळतं. कुठलाही रंग पाहताना मेंदू आधी उजेडाचा रंग अंदाजे धरतो आणि तो वजा करून वस्तूचा रंग ठरवतो. फोटोतला पोशाख सावलीत आहे असं ज्यांच्या मेंदूनं धरलं त्यांना तो पांढरा-सोनेरी दिसला; पिवळ्या दिव्याखाली आहे असं धरलं त्यांना निळा-काळा. पोशाख खरोखर निळा-काळाच होता. अजिंठ्याची भिंत पाहणाऱ्यालाही हीच वजाबाकी करावी लागते: यातलं पिवळं किती वार्निशाचं आणि किती रंगाऱ्याचं? इथला निळा रंग लाजवर्दी दगडाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेला, इतर सगळ्या मातीच्या रंगांहून महाग. पिवळ्या थराखाली तो हिरवट-काळा होतो. कुणी त्याची नक्कल हिरव्यानं केली, कुणी काळ्यानं. पुढं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी बोटभर जागा एकेका बैठकीत साफ करत तो थर उतरवायला घेतला, तेव्हा खालून निळं आलं.

आणि ते निळं कसल्या उजेडासाठी होतं? उजेड फार कमी झाला की डोळ्याला तांबडे रंग काळवंडलेले आणि निळे तुलनेनं उजळ दिसतात. पुर्किन्ये या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवलं. दारातून झिरपणाऱ्या संध्याकाळच्या उजेडात गेरूचे तांबडे रंग मागं सरले असतील आणि लाजवर्दी तेवढी पुढं आली असेल. भिक्खूंनी पाहिलेलं चित्र आपल्या छापील पुस्तकांत नाही.

पूर्वी लेण्यांतली माणसं बाहेर ऊन धरून पत्र्याच्या आरशानं कवडसा आत पाठवायची. आता भिंतींना इजा होणार नाही असे मंद दिवे आहेत. पहिल्या लेण्यातल्या बुद्धमूर्तीपाशी गाईड अजून टॉर्चचा जुना खेळ दाखवतात. एका बाजूनं झोत टाकला की ओठांवर स्मित, दुसऱ्या बाजूनं टाकला की चेहरा गंभीर, समोरून टाकला की ध्यानस्थ. दगड हलत नाही, ओठाच्या कडेची सावली हलते. लहान मुलं एवढी गप्प मी दुसरीकडं कुठं पाहिलेली नाहीत.

चित्रांच्या लेण्यांत एका वेळी चाळीस जणांना, पंधरा मिनिटांसाठी सोडतात. श्वासाची वाफ भिंतींना बाधते, त्यामुळं हा नियम हवाच. पण उन्हातून आलेल्या डोळ्याला अंधार पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. गेल्या हिवाळ्यात मी दारापाशी भिंतीकडं वळून उभा राहिलो आणि दाराचा उजेड आडवण्यासाठी कपाळाला हात लावला. आधी नुसता तपकिरी डाग. मग एक टोकदार टोपी. मग तिच्याखाली दाढी, पुढं केलेला हात, हातात काहीतरी. महासुदर्शनाचा चेहरा कुठं असेल म्हणून नजर वर सरकवतच होतो, तेवढ्यात पहारेकऱ्यानं हाक दिली, "चला, पुढचा गट येऊ द्या."